रिपोर्टच्या नावाने उघडे दार

4 डिसेंबर 2018. अहमदाबादच्या सायबरोम कंपनीच्या मुख्यालयातला एक संगणक त्या दिवशी भलताच वागताना सापडला. भिंतीवर टांगलेल्या पडद्याला चित्र पुरवणे, एवढेच त्याचे काम. अधिकारही बेताचेच. पण हा गडी नेटवर्कवरची बाकीची यंत्रे एकेक करून चाचपून पाहत होता. सायबरोम फायरवॉल बनवत असे आणि 2014 मध्ये ती ब्रिटनच्या सोफोसने विकत घेतली होती. नेटवर्कची राखण हाच जिचा धंदा, तिच्या घरात चोराने मुक्काम ठोकला होता तो कुठल्या मोठ्या सर्व्हरवर नव्हे, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही अशा पडद्यामागच्या संगणकावर. ही हकिकत सोफोसनेच ऑक्टोबर 2024 मध्ये ‘पॅसिफिक रिम’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितली. इतक्या मोकळेपणाने आपली फजिती सांगणाऱ्या कंपन्या थोड्या, हेही नमूद करायला हवे.

त्या संगणकाचे भाऊबंद आज आपल्या बँकांत, कारखान्यांत, महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत आहेत. त्यांना ‘रिपोर्टिंग सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात, बऱ्याचदा जुन्या डेस्कटॉपवर, एखादे रिपोर्ट बनवणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते. ते थेट फायरवॉलच्या डेटाबेसला जोडलेले असते आणि दर महिन्याला रंगीत आलेखांची पीडीएफ काढून देते. पीडीएफ साहेबांच्या टेबलावर जाते, तिथून ऑडिटरच्या फायलीत. ती बनवण्यासाठी कोणते दार उघडले, ते किती उघडे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे त्या इमारतीत कुणी विचारत नाही. आम्हाला धोका दिसतो तो इथे.

ही वेळ कशी आली, ते आधी पाहू. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी दोन दिवसांत 94 कोटी 42 लाख रुपये लांबवले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सहकारी बँकिंगला बसलेला तो हादरा अजून विसरला गेलेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली, आणि 2019 च्या डिसेंबरात बँकांचे चार स्तर पाडून प्रत्येक स्तराच्या जबाबदाऱ्या ठरवून दिल्या. पुढे 28 एप्रिल 2022 रोजी देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, निर्देश काढले: सायबर घटना सहा तासांच्या आत कळवा, सर्व यंत्रणांचे लॉग 180 दिवस देशात जपून ठेवा, घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. तिन्ही मागण्या रास्त होत्या. पण त्या पुऱ्या करण्यासाठी जे झाले ते आपल्या नेहमीच्या रीतीने झाले. निविदा निघाली, सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळाले, फायरवॉल आली, बसली. मग ऑडिटरने विचारले, ‘‘याचा मासिक अहवाल कुठे आहे?’’

फायरवॉलसोबत येणारे तयार रिपोर्ट बहुधा कुणालाच पसंत पडत नाहीत. संचालक मंडळाला एक पान हवे असते, ऑडिटरला चाळीस. यंत्र मात्र दोघांच्याही कामाची नसलेली बारा पाने देते. अशा वेळी व्हेंडरचा इंजिनिअर सहज म्हणून जातो, ‘‘साहेब, डेटाबेसला रीड अ‍ॅक्सेस देऊन टाका, बाकीचं मी बघतो.’’ साहेब देऊन टाकतात. रीड अ‍ॅक्सेस म्हणजे फक्त वाचायची परवानगी. वाचल्याने काय बिघडणार आहे?

पुष्कळ बिघडते. डेटाबेस वाचू देण्याची ही सोय कुणी चोरून केलेली नाही, कंपन्यांनी ती राजरोस दिलेली आहे. सिस्कोचे उदाहरण घ्या. तिने 2013 मध्ये सोर्सफायर ही कंपनी 270 कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्यासोबत आलेले, फायरवॉलचे नियंत्रण करणारे जे यंत्र पुढे फायरपॉवर मॅनेजमेंट सेंटर आणि आता सिक्युअर फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर म्हणून ओळखले जाते, त्यात बाहेरच्या सॉफ्टवेअरला डेटाबेस वाचू देण्याची रीतसर व्यवस्था आहे. जेडीबीसी या जाव्हाच्या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीने जोडणी होते. क्रिस्टल रिपोर्ट्स, बर्ट आणि जॅस्परसॉफ्ट आयरिपोर्ट ही साधने कंपनीच्या मार्गदर्शिकेतच नावानिशी दिलेली आहेत. कंपनीने काळजीही घेतली आहे. ही सोय मुळात बंद असते. ती चालू करावी लागते, त्यासाठी निराळा वापरकर्ता तयार करावा लागतो, कोणत्या आयपी पत्त्यावरून प्रवेश द्यायचा ते यादीत भरावे लागते, जोडणी एन्क्रिप्टेड असते आणि लिहिण्याचा हक्क मिळत नाही. कागदावर सगळे चोख आहे.

कागदावरून प्रत्यक्षात येताना काय होते ते या क्षेत्रात काम करणारा कुणीही सांगेल. आयपी यादीत एका संगणकाचा पत्ता भरायचा, तिथे इंजिनिअर पूर्ण सबनेट, म्हणजे पत्त्यांचा सगळा गट, भरून टाकतो. उद्या रिपोर्टचा संगणक बदलला तर पुन्हा फेरी मारायला नको. निराळा वापरकर्ता करायचा, तिथे अ‍ॅडमिनच्याच खात्याला तो हक्क जोडला जातो. यंत्राचे प्रमाणपत्र स्वतःच सही केलेले असते म्हणून जोडणीच्या वेळी इशारा येतो. तो इशारा कायमचा बंद केला जातो. पासवर्ड जोडणीच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहतो आणि ती फाइल रिपोर्टच्या नमुन्यासकट ईमेलने इकडून तिकडे फिरते. इंजिनिअर वर्षभरात नोकरी बदलतो. पासवर्ड मात्र तोच राहतो, कारण तो बदलला तर रिपोर्ट बंद पडेल आणि तो परत जोडायचा कसा, हे आता कुणालाच ठाऊक नसते.

आणि त्या डेटाबेसमध्ये असते काय? कोणता संगणक कधी कुठे जोडला गेला, ही तर नुसती सुरुवात. अशा यंत्राला आतल्या प्रत्येक संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कळलेली असते, त्यावर कोणती सॉफ्टवेअरे चालतात ते कळलेले असते आणि त्यांतल्या कोणत्या त्रुटी अजून बुजवायच्या राहिल्या आहेत, याचाही तक्ता असतो. कोणत्या पत्त्यावर कोणता कर्मचारी लॉगिन आहे, हे नावासकट. आजवर कोणते हल्ले अडवले आणि कोणते नुसते पाहून सोडून दिले, तेही. सोसायटीच्या गेटवरच्या राखणदाराच्या वहीत कोण कधी आले-गेले एवढेच असते. इथे वहीत कोणाच्या दाराची कडी मोडकी आहे तेही लिहून ठेवलेले आहे. अशी वही फक्त ‘वाचायला’ दिली म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने एकदा चोराच्या जागी उभे राहून विचार करावा. त्याला वहीत लिहायचे नाहीच. वाचायचेच आहे.

ही कल्पनेतली भीती नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलवर झालेला हल्ला डेटाबेसमार्गेच झाला. ही फायरवॉल सायबरोमच्याच पायावर उभी, म्हणजे या गोष्टीचा एक धागा पुन्हा अहमदाबादला जातो. इंटरनेटकडे तोंड करून उघड्या ठेवलेल्या लॉगिन पानातल्या त्रुटीतून हल्लेखोरांनी यंत्रातल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका ओळीची आज्ञा घुसवली. त्या ओळीने बाहेरून एक फाइल उतरवून घेतली आणि तिने पुढचे सगळे केले. फायरवॉलवरच्या वापरकर्त्यांची नावे, ईमेल पत्ते, एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड, बाहेरून व्हीपीएनने आत यायची मुभा असलेल्यांची यादी आणि अ‍ॅडमिनच्या पासवर्डचा हॅश, असा सगळा ऐवज गोळा झाला. रिपोर्ट बनवणारा ज्या प्रकारची माहिती मागतो, त्याच जातीचा हा ऐवज.

हे उघडकीला कसे आले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या खुणा पुसण्यासाठी हल्लेखोरांनी डेटाबेसमधल्या काही तक्त्यांत फेरफार केले. त्यांतल्या एका रकान्यात एरवी यंत्राचा स्वतःचा पत्ता दिसतो. झाकायला गेले ते उघडे पडले. काही यंत्रांवर पत्त्याच्या जागी ती घुसवलेली आज्ञाच अक्षरशः अ‍ॅडमिनच्या पडद्यावर उमटली. 22 एप्रिलला एका ग्राहकाकडून ‘पडद्यावर हे विचित्र काय दिसते आहे’ अशी तक्रार आली आणि चक्रे फिरली. तीन दिवसांत सोफोसने दुरुस्ती धाडली. तोवर जगभरातल्या सुमारे 81,000 फायरवॉल या हल्ल्याच्या कक्षेत आल्या होत्या, असे अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर 2024 मध्ये एका चिनी कंपनीवर निर्बंध घालताना सांगितले. त्यांतल्या 23,000 हून अधिक एकट्या अमेरिकेतल्या होत्या आणि 36 पायाभूत सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या. हल्लेखोरांची पुढची तयारी खंडणीखोर सॉफ्टवेअर सोडण्याची होती, ती फसली. एका माणसाने पडद्यावरचा एक रकाना नीट पाहिला म्हणून हे प्रकरण वेळेत फुटले, हे लक्षात घेतले तर कोपऱ्यातल्या यंत्रातून येणारी पीडीएफ न उघडता फाइल करणाऱ्या आपल्या कार्यालयांची काळजी वाटू लागते.

इथे कुणी म्हणेल की तो हल्ला फायरवॉलवर होता, रिपोर्टिंगच्या साधनावर नव्हता. मग रिपोर्टिंगच्या साधनांचा इतिहास पाहू. सिस्कोने नावानिशी सांगितलेल्या जॅस्परच्याच घराण्यातल्या दोन त्रुटी 2018 आणि 2019 मध्ये उघड झाल्या आणि त्यांवर उपायही निघाला. तरी 2022 च्या डिसेंबरच्या अखेरीस अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सिसाला, त्या ‘प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या त्रुटी’च्या यादीत घालाव्या लागल्या. म्हणजे उपाय हाती असूनही सुमारे चार वर्षे कुठल्या तरी सर्व्हरवर तो कुणी लावलाच नव्हता. आमच्या मते रिपोर्टिंग सर्व्हरचे सगळे चरित्र या चार वर्षांत आले. एप्रिल 2023 मध्ये अपाचे सुपरसेटबद्दल कळले की इंटरनेटवर दिसणाऱ्या त्याच्या बहुसंख्य सर्व्हरवर सॉफ्टवेअरसोबत आलेली मूळ गुप्त किल्ली तशीच होती. ती ठाऊक असलेला कुणीही अ‍ॅडमिन बनू शकत होता. त्याच वर्षी जुलैत मेटाबेसमध्ये लॉगिन न करताच सर्व्हर ताब्यात घेता येईल अशी त्रुटी निघाली, आणि नोव्हेंबरात कॅक्टस नावाच्या खंडणीखोर टोळीने क्लिक सेन्सच्या त्रुटींतून कंपन्यांत शिरायला सुरुवात केल्याचे दिसले. ही सगळी नावाजलेली, जगभर वापरली जाणारी साधने. आपल्याकडच्या कोपऱ्यातल्या संगणकावर चालते ते यांचेच एखादे जुने, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेले रूप.

सर्वांत बोलके उदाहरण सायसेन्सचे. लोकांच्या डेटाबेसांना जोडून डॅशबोर्ड बनवून देणे हा तिचा व्यवसाय. एप्रिल 2024 मध्ये तिच्याकडची माहिती चोरीला गेली, तेव्हा सिसाने जाहीर सूचना काढली ती कंपनीसाठी नव्हती, तिच्या ग्राहकांसाठी होती. सायसेन्सला दिलेले किंवा सायसेन्समधून वापरलेले सगळे पासवर्ड आणि किल्ल्या ताबडतोब बदला, असा त्या सूचनेचा गाभा होता. डॅशबोर्डवाल्याच्या घरी चोरी झाली की घबराट पसरते ती त्याने किल्ल्या सांभाळायला घेतलेल्या साऱ्या घरांत. रिपोर्ट बनवणाऱ्याकडे स्वतःचे असे फार काही नसते, असतात त्या दुसऱ्यांच्या किल्ल्या. म्हणूनच तो चोराच्या दृष्टीने इतका मोलाचा. 2020 च्या अखेरीस उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणातही हेच होते. नेटवर्कवर देखरेख ठेवणारे तिचे ओरायन हे सॉफ्टवेअर सगळ्या यंत्रांशी बोलत असे. त्याच्या अपडेटमध्येच विष कालवले गेले आणि ते सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत पोहोचले.

आपल्या जवळचा अनुभव हवा असेल तर जुलै 2024 ची आठवण काढावी. टीसीएस आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतली सी-एज ही कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडले. सुमारे 300 बँकांचे व्यवहार अडले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची वाट सापडली ती सी-एजबरोबर काम करणाऱ्या एका तिसऱ्याच कंपनीच्या, नीट न बांधलेल्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स हे रिपोर्टिंगचे साधन नव्हे, मान्य. पण ‘मदतीला घेतलेले, मुख्य नसलेले, कुणाच्या जबाबदारीत न बसणारे’ या वर्णनात ते अगदी फिट्ट बसते.

आता आणखी एक बाजू. धोका पत्करून जो अहवाल मिळतो, तो तरी खरा असतो का? आमचे उत्तर: बहुतेकदा नाही. फायरवॉलच्या आतला डेटाबेस हा साठवणीसाठी बनवलेलाच नसतो. सिस्कोच्या या यंत्रात जोडण्यांच्या नोंदींची ठरावीक मर्यादा मुळात दहा लाख असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. तीनशे संगणकांचे कार्यालय धरले तर एका संगणकाच्या वाट्याला जेमतेम तीन हजार तीनशे नोंदी येतात. ब्राउझर उघडा ठेवून दिवसभर काम करणारा संगणक तेवढ्या जोडण्या सहज करतो. म्हणजे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवायला सांगितलेले यंत्र कालपरवाच्या पलीकडचे विसरूनही गेलेले असते. मर्यादा वाढवता येते, पण यंत्राच्या कुवतीपर्यंतच. सर्ट-इनला हवेत 180 दिवस. महिन्याच्या शेवटी या डेटाबेसमधून ‘मासिक’ अहवाल काढणारा प्रत्यक्षात शेवटच्या काही दिवसांचा अहवाल काढून त्यावर महिन्याचे नाव घालत असतो. आणि त्याखाली सही होते.

वेळेचा घोळ त्याहून गमतीदार, म्हणजे आपल्या अंगावर येईपर्यंत गमतीदार. या तक्त्यांत वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत, जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने साडेपाच तास मिळवले नाहीत तर 1 एप्रिलच्या पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी झालेला हल्ला 31 मार्चच्या रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांचा म्हणून छापून येतो. दिवस तर बदलतोच, आर्थिक वर्षही बदलते. सहा तासांत घटना कळवायचे बंधन असलेल्या बँकेने अशा कागदावर विसंबून सर्ट-इनला वेळ कळवली, तर पुढच्या चौकशीत लॉग एक सांगणार आणि पत्र दुसरे. आयपी पत्त्यांचेही तसेच. ते या डेटाबेसमध्ये वाचता येणाऱ्या आकड्यांत नसून बायनरी रूपात असतात आणि ते उलगडून घ्यावे लागतात. ते ज्याला जमले नाही तो रकानाच गाळून टाकतो. हल्ला झाला हे कळते. कुठून आला ते अहवालात नसते.

पण आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कंपनी यंत्राची नवी आवृत्ती काढते तेव्हा आतल्या तक्त्यांची रचना बदलते. काही तक्ते रद्द होतात, काहींच्या रकान्यांची नावे बदलतात. सिस्कोच्या मार्गदर्शिकेत रद्द झालेल्या तक्त्यांसाठी स्वतंत्र नोंदी आहेत, म्हणजे हे लपूनछपून होत नाही. परिणाम असा की अपग्रेड केले की रिपोर्ट मोडतो. रिपोर्ट लिहिणारा माणूस सोडून गेलेला. मग एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा ठेकेदार, सांगतो, ‘‘आत्ता अपग्रेड नको साहेब, ऑडिट होऊन जाऊ दे.’’ ऑडिट होते, पुढचे येते, अपग्रेड राहून जाते. ऑगस्ट 2025 मध्ये याच मॅनेजमेंट सेंटरमध्ये अशी त्रुटी निघाली की बाहेरच्या रेडियस सर्व्हरवरून लॉगिन तपासण्याची सोय चालू असेल तर पासवर्ड नसलेला माणूसही यंत्राला हव्या त्या आज्ञा देऊ शकेल. तीव्रतेच्या मापात दहापैकी दहा गुण. अशी दुरुस्ती आली आणि ती लावण्याआड एखादा रिपोर्ट उभा असेल, तर सुरक्षा दाखवणारा कागद टिकावा म्हणून सुरक्षा मागे ठेवली, असाच त्याचा अर्थ. या वाक्यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर त्यांनी आपापल्या फायरवॉलची आवृत्ती आज पाहावी आणि ती का थांबली आहे ते विचारावे.

गोपनीयतेचे प्रकरण थोडक्यात. कोणता कर्मचारी कोणत्या संकेतस्थळावर किती वेळ होता, ही व्यक्तिगत माहिती आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दहा जणांना ईमेलने जाणाऱ्या ‘टॉप 20 युजर्स’च्या तक्त्याचा विचार संस्थांनी आता त्या नजरेने करावा. आजारपणाची, नोकरी शोधण्याची किंवा कर्जाची पाने कुणी चाळली, हे शाखाधिकाऱ्याला महिन्याच्या महिन्याला कळायचे काहीच कारण नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. लॉग गोळा करून त्यांचा अर्थ लावणारी मोठी एसआयईएम सॉफ्टवेअरे महाग असतात. त्यांची किंमत अनेकदा लॉगच्या आकारमानावर ठरते आणि फायरवॉल तर दिवसरात्र लॉगच ओकत असते. सात शाखांच्या नागरी बँकेला किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला तो खर्च झेपत नाही. तिथला एकुलता एक आयटी अधिकारी प्रिंटरही दुरुस्त करतो आणि पासबुकाचे यंत्रही. त्याला फुकटात रिपोर्ट मिळत असेल तर तो घेणारच. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. दोष आहे तो अहवालाचा कागद मागणाऱ्या आणि तो कसा बनला हे न विचारणाऱ्या व्यवस्थेचा.

आणि मार्ग आहे. तो फार खर्चिक नाही, नवाही नाही. बाहेरच्या कुणाला डेटाबेसमध्ये शिरू देण्याऐवजी यंत्रानेच आपल्या नोंदी बाहेर पाठवाव्यात. जवळपास प्रत्येक फायरवॉलला त्यासाठीची सिसलॉग ही पद्धत येते. सिस्कोच्या या यंत्राला त्याखेरीज ईस्ट्रीमर नावाची स्वतःची वाहिनीही आहे. नोंद घडली की ती निराळ्या लॉग सर्व्हरवर जाऊन पडते. तिथे 180 दिवस राहू शकते, वर्षभरही राहू शकते. प्रश्न फक्त हार्ड डिस्कचा. वाझू, ग्रेलॉग, ओपनसर्च यांसारखी साधने परवान्याच्या पैशांशिवाय मिळतात. रिपोर्टचे सॉफ्टवेअर जोडायचे ते या लॉग सर्व्हरला. तो उद्या चोराच्या हाती पडला तर नुकसान होईलच, लॉगही गुपितच असतात. पण आतल्या संगणकांच्या त्रुटींचा तक्ता आणि फायरवॉलच्या डेटाबेसची किल्ली त्याच्या हाती लागणार नाही, आणि फायरवॉल अपग्रेड करायला रिपोर्टवाल्याची परवानगी लागणार नाही. शिवाय जुनी नोंद पुसली जाण्याआधीच ती सुरक्षित जागी पोहोचलेली असेल. यंत्र फोडणारा चोर आधी यंत्रातले लॉग पुसतो. बाहेर गेलेली नोंद त्याला पुसता येत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा आम्ही ही पद्धत निवडू.

ज्यांना आजच्या आज हे जमणार नाही त्यांनी निदान सध्याची जोडणी आवळावी. प्रवेशाच्या यादीत एकच पत्ता ठेवावा. त्या कामापुरते वेगळे खाते असावे आणि व्हेंडरचा माणूस बदलला त्या दिवशी त्याचा पासवर्ड बदलावा. रिपोर्टच्या संगणकाला इंटरनेट नसावे. भल्यामोठ्या क्वेरी कामाच्या वेळात चालवू नयेत, कारण धोक्याची सूचना देणारे यंत्र आणि जुन्या नोंदी चाळणारे यंत्र एकच आहे. दुपारी बाराला महिन्याभराचे तक्ते एकमेकांत जोडायला सांगितले तर ते दोन्ही कामे हळू करील. आणि हा संगणक कुणाचा, हे नाव घालून लिहून ठेवावे. यातले काहीच तात्पुरत्या मलमपट्टीपलीकडचे नाही, पण आज अनेक ठिकाणी तेवढेही नाही.

नियामकांकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे. रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक आणि सर्ट-इनच्या यादीवरचे ऑडिटर ‘लॉग ठेवता का’ असे विचारतात आणि होकारावर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांनी पुढे विचारले पाहिजे: लॉग कुठे ठेवता, फायरवॉलच्या डेटाबेसमध्ये बाहेरून कोण कोण येते, त्या खात्यांची यादी दाखवा, त्यांतले शेवटचे लॉगिन केव्हाचे आहे. पाच महिन्यांपूर्वीची एक नोंद समोर काढून दाखवा, असे एकदा जरी म्हटले तरी अनेक चकचकीत मासिक अहवालांचे खरे रूप तिथल्या तिथे उघड होईल. राज्य सरकारच्या सहकार खात्यानेही आपल्या अखत्यारीतल्या पतसंस्थांकडे पाहावे. रिझर्व्ह बँकेची चौकट त्यांना लागू नाही, पण फायरवॉल आणि व्हेंडर बहुधा तेच आहेत.

फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. ग्राहकाला आपल्या यंत्रातून धड अहवाल मिळत नाही म्हणून तो डेटाबेसचे दार मागतो. ते दार देणे स्वस्त, चांगला अहवाल देणे कष्टाचे. कंपन्यांनी वर्षानुवर्षे स्वस्त वाट धरली. दार द्यायचेच असेल तर ठरावीक रकान्यांपुरते द्यावे, ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होणारे द्यावे, आणि त्यातून कोण काय वाचून गेले याची नोंद ग्राहकाला ठळक दिसेल अशी ठेवावी. पासवर्डाच्या जागी मुदतीचे टोकन वापरण्याची पद्धत इतर सॉफ्टवेअरांत केव्हाच रुळली आहे. सुरक्षा विकणाऱ्यांना ती जड का वाटावी?

येत्या मार्चअखेरीस हजारो संस्थांच्या एएमसीचे नूतनीकरण होईल. बहुतेक करार गेल्या वर्षीच्या मजकुरावर तारीख बदलून होतील. या वेळी त्यात तीन ओळी वाढवाव्यात: फायरवॉलच्या डेटाबेसला थेट जोडणी करणार नाही; नोंदी वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवून त्या 180 दिवस टिकतात हे दर तिमाहीला प्रत्यक्ष काढून दाखवू; आणि कंपनीने दिलेली सुरक्षा दुरुस्ती रिपोर्टच्या कारणाने लांबवणार नाही. या ओळी घातल्यावर जो व्हेंडर दर वाढवून मागेल, त्याला एवढेच विचारावे की आजवर तो हे काम कसे करत होता.